पिल कोणत्या बाजूचं ठेवायचं

माझ्या हातून छापून गेलेल्या एका बातमीत असं वाक्य होतं: 'उपस्थित शेतकऱ्यांनी मसुद्याचे स्वागत केले.' बातमी तीन परिच्छेदांची होती, आतल्या पानावर, डावीकडे खाली. ज्या बैठकीची ती बातमी, तिथे मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसलो होतो. स्वागत कोणीही केलं नव्हतं. शेतकऱ्यांपैकी बोलली ती एकच बाई, आणि तिने हरकत घेतली होती. ती माझी थोरली बहीण.

ते वाक्य कसं छापलं गेलं आणि त्याचं पुढे काय झालं, ते क्रमाने लिहितो.

बहीण तापीपलीकडे, रावेर-यावलच्या पट्ट्यात दिलेली. सारं गाव तिला अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणतो. दाजींचे गुडघे गेल्यापासून बाग तीच पाहते. दाजी ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचतात, आणि त्यात माझ्या हातचं काय आहे ते ओळखण्याचा खेळ खेळतात. मी जळगावात मेहरूणला राहतो. नोकरी वर्तमानपत्रात, बहुतेक काळ डेस्कवर.

अक्काचा यंत्रांना विरोध होता, असं कोणी समजू नये. तिच्या शेतात ठिबक आलं तेव्हा आजूबाजूला अजून पाटाने पाणी चालायचं. प्रयोगशाळेतली रोपं गावात सर्वांत आधी लावणाऱ्यांत ती होती. खत पाण्यातून सोडायला तिला कोणी शिकवावं लागलं नाही. त्यामुळे जमिनीतली ओल मोजून आपोआप पाणी सोडणारं यंत्र बसवायचं म्हणून माणसं गावात आली, तेव्हा पहिला प्रश्न तिचाच होता आणि तो यंत्र कधी बसवता हा होता. थ्री फेज वीज आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रीच्या आठवड्यात बागेत चालत जाऊन कॉक फिरवायचं काम तिला आता नको होतं.

योजना अशी होती. तंत्रज्ञानावर चालणाऱ्या काटेकोर शेतीसाठी सरकारी मानकं ठरत होती. यंत्र किती खोल पुरायचं, झाडापासून किती अंतरावर, माहिती किती वेळाने पाठवायची, नोंदी कोणी तपासायच्या, हे सगळं एका मसुद्यात लिहिलं होतं. मसुदा अंतिम होण्याआधी तो काही बागांत वापरून पाहायचा होता. अक्काची बाग आणि शेजारच्या चार बागा मिळून एक गट केला. पाच बागांची नोंद एक. प्रत्येक बागेत एक यंत्र पुरलं, त्यावर सील लावलं, आणि पाणी सोडणारी पेटीही सीलबंद केली. कोणी सील तोडलं तर पूर्ण गटाची नोंद बाद. नोंद बाद म्हणजे परदेशी जाणाऱ्या मालाच्या यादीतून पाचही बागा बाहेर. हे सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, आणि सगळ्यांनी सही केली होती.

मसुदा मी तीनदा वाचला आहे. तो मूर्खांनी लिहिलेला नाही, हे सांगायला हवं. बाजारात कोणीही उठून कसलीही दांडी ओल मोजायचं यंत्र म्हणून विकत होता, आणि ती दांडी खरी की खोटी हे कळायला शेतकऱ्याकडे काही साधन नव्हतं. मानक हवंच होतं. यंत्राच्या जागेचं कलमही नीट लिहिलेलं होतं: लागवडीच्या वेळी झाडाच्या बुंध्यापासून एक हात अंतरावर यंत्र पुरावं, आणि नोंदीचा कालावधी संपेपर्यंत त्याची जागा बदलू नये. जागा बदलली तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना होत नाही. हे बरोबरच आहे. आंब्याला बरोबर आहे, डाळिंबाला बरोबर आहे, कपाशीला बरोबर आहे.

पहिलं पीक उत्तम आलं. यंत्र हवं तेव्हा पाणी सोडत होतं, हवं तेव्हा थांबवत होतं. अक्का फोनवर हिरवी रेघ बघायची आणि भाकरी थापायला बसायची. संक्रांतीच्या सुमाराला माल निघाला. त्यानंतर जे होतं ते केळीच्या पट्ट्यातल्या लहान मुलालाही माहीत असतं, पण मसुद्यात ते कुठेही नव्हतं.

केळीचं झाड एकदाच घड देतं. घड काढला की ते झाड संपलं. पण त्याआधीच त्याच्या बुडाशी पिलं फुटलेली असतात. त्यातलं एक ठेवायचं, बाकीची विळ्याने कापायची. ठेवलेलं पिल म्हणजे पुढचं पीक. कोणतं ठेवायचं याची आमच्याकडे रीत आहे. अक्काच्या गावात उगवतीच्या बाजूचं ठेवतात. सगळ्या बागेत एकाच बाजूचं, म्हणजे ओळी सरळ राहतात. घड काढल्यावर मायझाड लगेच तोडत नाहीत. पानं छाटून खोड तसंच उभं ठेवतात, कारण त्यातला रस हळूहळू पिलाकडे उतरतो. ते आपोआप वाळून बसेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. म्हणजे प्रत्येक पिकाला बाग हातभर पूर्वेला सरकते.

यंत्र मात्र पश्चिमेला, मायझाडाजवळ, सीलबंद.

चैत्रात अक्काचा फोन आला. एरवी ती फोनवर आधी सगळ्यांची विचारपूस करते. त्या दिवशी थेट म्हणाली, बागेत येऊन जा.

मी गेलो तेव्हा उन्हं चढलेली होती. ती मला यंत्राजवळच्या झाडाशी घेऊन गेली आणि खुरप्याने दोन खड्डे केले. एक मायझाडाच्या बुडाशी, यंत्राला लागून. तिथली माती काळी, लोण्यासारखी ओली, कुजत्या खोडाचा वास येणारी. दुसरा पिलाच्या बुडाशी. तिथून निघाली ती भुकटी. पिल पुरुषभर उंच झालं होतं आणि पानं दुपार होण्याआधीच मिटली होती.

"पाह्य," ती म्हणाली. "माय आता पानी पेत नही. पेतं ते पिल. अन् मशीन मायलेच इचारतं, तहान लागली का?"

तिने फोन दाखवला. रेघ हिरवी. ओल पुरेशी. पेटी बंद.

पाणी ओळीच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून यायचं. पूर्वेकडचं पाणी पिलं एका दिवसात शोषून घेत होती. पश्चिमेकडे मेलेल्या मुळ्या, कुजतं खोड आणि त्याची सावली. तिथली ओल हटतच नव्हती, आणि तिथली ओल हटेपर्यंत सगळ्या बागेला पाणी नाही. बाग निसवणीच्या तोंडावर होती. निसवण म्हणजे झाडाच्या पोटातून घड बाहेर पडायची वेळ. त्या पंधरवड्यात पाणी तुटलं तर घड आखूड निघतो, आणि मग नंतर कितीही पाणी द्या, तो लांबत नाही. अक्काला हवं होतं ते एवढंच: यंत्र दोन हात पूर्वेला.

यंत्र बसवणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ आला. शिकलेला, सभ्य मुलगा होता. त्याने दोन्ही खड्ड्यांत बोट घालून पाहिलं. अक्काचं बरोबर आहे हे त्याने मान्य केलं, आणि सील तोडायचा अधिकार आपल्याला नाही हेही सांगितलं. मसुद्यात जागा बदलण्याची तरतूद नाही. मसुदा अजून अंतिम नाही, तेव्हा जळगावच्या बैठकीत हरकत मांडा. तरतूद झाली तर दुसऱ्या दिवशी येऊन हलवून देतो. जाताना त्याने चहा घेतला नाही. अक्का म्हणाली, लाज आहे त्याला, चांगला मुलगा आहे.

बैठक जळगावात एका सरकारी सभागृहात झाली. मी बातमीदार म्हणून गेलो होतो, अक्का शेतकरी म्हणून. पडद्यावर तासभर चित्रं दाखवली गेली. उपग्रह, ड्रोन, रंगीत नकाशे. एकाही चित्रात पिल नव्हतं. शेवटी अधिकाऱ्यांनी विचारलं, कोणाला काही सूचना? शेतकरी गप्प बसले. मग अक्का उठली. तिने पिशवीतून दोन फडकी काढली, दोन्हींत माती बांधलेली, आणि ती टेबलावर, मसुद्याच्या प्रतीवर ठेवली. केळीला तिच्या बोलीत केय म्हणतात.

"साहेब, केय जागेवर ऱ्हात नही. केय चालते."

सभागृह हसलं. अधिकारीही हसले. म्हणाले, मावशी, झाडं चालायला लागली तर आम्हाला पोलीस बंदोबस्त ठेवावा लागेल. पुन्हा हसू. अक्का हसू संपेपर्यंत उभी राहिली.

"हसा. पन मंग उत्तर द्या."

तिने मग पिल, माय, उगवतीची बाजू, सगळं सांगितलं, आणि दोन्ही फडकी सोडून दाखवली. ओल्या मातीचं पाणी मसुद्यावर पसरलं. अधिकाऱ्यांनी प्रत उचलली आणि झटकली. त्यांचं उत्तर असं होतं की मुद्दा चांगला आहे, पण तोंडी सूचना नोंदवता येत नाही, संकेतस्थळावर अर्ज भरावा. नंतर चहा आला. शिपायाने टेबलावरची माती फडक्यासकट केराच्या डब्यात टाकली. हे मी पाहिलं. नोंदवहीत लिहूनही घेतलं.

संध्याकाळी डेस्कवर बसलो तेव्हा समोर दोन गोष्टी होत्या. माझी नोंदवही आणि सरकारी कार्यालयाकडून आलेली प्रेसनोट. पहिल्या वर्षी मला जे शिकवलं गेलं त्यात एक नियम होता: आपल्या घरचं माणूस बातमीत घालायचं नाही. लग्न असो, सत्कार असो, तक्रार असो. हा नियम मी कधी मोडला नव्हता आणि मला त्याचा अभिमान होता. अक्काचं म्हणणं बाजूला काढलं. ते काढल्यावर बैठकीत उरलं काय, तर प्रेसनोट. प्रेसनोटमध्ये स्वागत होतं. मी भाषा साफ केली, एक विशेषण उडवलं, आणि पान लावायला पाठवलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगता आलं असतं की ही बातमी तू कर, बाईचं नाव अमुक, ती माझी बहीण आहे. हे सुचायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला. नियम पाळण्याच्या नादात मी खोटं छापलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बातम्यांतून खोटं शोधण्याचा पगार घेतलेल्या माणसाने.

सकाळी दाजींनी ओट्यावर बातमी मोठ्याने वाचली, आणि ती माझ्या हातची आहे हे ओळखलं. अक्काने फोन केला.

"तू तठी होता ना?"

मी हो म्हणालो. तिने फोन ठेवला.

त्या दुपारी मी गावी गेलो आणि दाजींच्या फोनवर संकेतस्थळावरचा अर्ज उघडला. नाव, गाव, गट भरला. कलम निवडलं: यंत्राची जागा. पुढच्या रकान्यात हरकतीचा प्रकार निवडायचा होता. पर्याय तीन. अंतर कमी करावे. अंतर वाढवावे. बदल नको. चौथा पर्याय नव्हता, मोकळी जागाही नव्हती. अंतराबद्दल अक्काची तक्रारच नव्हती. एक हात बरोबर आहे, पण कोणत्या झाडापासून? जिवंत की मेलेल्या? हे विचारायला त्या अर्जात बोटभरही जागा ठेवलेली नव्हती. मी तिन्ही पर्याय तिला वाचून दाखवले. दाजी ओट्यावरून म्हणाले, अंतर कमी करा म्हण, तुह्यातलं अन् साहेबातलं. अक्का हसली नाही. अर्ज तसाच राहिला.

सूचना ऐकण्याची दुसरी आणि शेवटची बैठक धुळ्याला होती. मी रजा टाकली. अक्का आदल्या दिवशी मेहरूणला आली आणि सकाळच्या एस.टी.ने आम्ही निघालो. तिच्या डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा होता, पिशवीत पुन्हा दोन फडकी, या वेळी प्लॅस्टिकमध्ये बांधलेली. पारोळ्याला बस थांबली तेव्हा खिडकीतून एका वाळत चाललेल्या लिंबूच्या बागेकडे बघून म्हणाली, याले बिचाऱ्याले मशीनबी नही अन् पानीबी नही.

धुळ्याच्या सभागृहात बहुतेक कपाशीवाले होते. शिरपूरकडचे एक म्हातारे आबा आमच्या शेजारी बसले होते. अक्काने त्यांना मुद्दा सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि तोंडभर हसले.

"आमनी कपाशी जागावरच ऱ्हास, अक्का. तुमनी केळच फिरस्ती शे."

पण हेच आबा पुढे सभेत उठून म्हणाले की या बाईचं ऐका, ती लांबून आली आहे. असं म्हणणारा दोन्ही बैठकांत तो एकच माणूस.

इथले अधिकारी हसले नाहीत. त्यांनी फाइल उघडली. जळगावच्या बैठकीचं इतिवृत्त त्यात होतं. 'हरकती' या शब्दापुढे एक शब्द टाइप केलेला होता: निरंक. मी म्हणालो की हरकत घेतली गेली होती, मी साक्षीदार आहे. त्यांनी पान उलटलं. मागे माझी बातमी कापून चिकटवली होती. पेनने 'स्वागत' या शब्दाखाली रेघ मारली होती.

"तुमच्याच जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रात आलं आहे," अधिकारी म्हणाले. आवाज न चढवता, समजावल्यासारखं.

मी सांगितलं की ती बातमी मी लिहिली आहे आणि ती चुकीची आहे. त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले की तसं असेल तर तुमच्या वर्तमानपत्राचा खुलासा आणा, फाइलला लावू. अक्काने फडकी पिशवीतून काढलीच नाहीत. डबा आम्ही बसस्थानकावर उघडला. तिने अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली, लहानपणी ठेवायची तशी. ती अजून माझ्याशी रागाने बोलली नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं.

खुलासा मी लिहून दिला. संपादकांनी विचारलं, कोणाची तक्रार आली आहे का? मी म्हणालो, बहिणीची. ते म्हणाले, मग ती घरची गोष्ट झाली. शेवटी चार दिवसांनी दोन ओळी छापून आल्या, की बैठकीत एका शेतकऱ्याने यंत्राच्या जागेबाबत सूचनाही केली होती. 'सूचनाही.' कात्रण मी धुळ्याला पाठवलं. पोच आली नाही.

या सगळ्यात महिना गेला. वैशाख लागला. चौघा शेजाऱ्यांपैकी दोघांनी अक्काला सांगितलं की तोड सील, आम्ही काही म्हणणार नाही. तिसरा काही बोलला नाही. चौथ्याची मुलगी त्या वर्षी उजवायची होती आणि त्याचा माल यादीत राहणं त्याला गरजेचं होतं. तो रोज सकाळी बांधावर येऊन अक्काच्या यंत्राचं सील बघून जायचा. अक्काने त्याला एकदा सांगितलं की भाऊ, उन्हात येत जाऊ नको, तुझं सील तुटणार नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी गेलो तेव्हा ती यंत्राजवळ उभी होती. हातात कोयता, शेजारी पहार आणि कुदळ.

"मशीनले कोरडं पाह्यजे ना? देते त्याले कोरडं."

तिने यंत्राजवळचं मायझाड कापलं. खोड अजून रसाने भरलेलं होतं, चीक उडून तिच्या हातांवर आणि माझ्या शर्टावर आला. मग बुंधा पहारीने उखडला. मग त्याच्या भोवतीची सहा. एकूण सात. माती उन्हाला उघडी पडेल एवढी मोकळी केली. सीलला हात लावला नाही. सील तिने पदराने पुसून घेतलं.

ज्याने केळीची शेती पाहिलेली नाही त्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण उभं, रस असलेलं मायझाड कापताना मी त्या गावात कोणाला पाहिलेलं नाही. बांधावरून जाणाऱ्या बाया थांबल्या. एकीने विचारलं, अक्का, हे काय करू ऱ्हायली? अक्का म्हणाली, सरकारले उत्तर देऊ ऱ्हायली.

तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्राजवळची माती वाळली, रेघ लाल झाली, आणि पेटीने पाणी सोडलं. अक्काने मला फोन करून एवढंच सांगितलं, की सुटलं. बाग वाचली. पण निसवण त्याआधीच सुरू झाली होती. आधी निसवलेले घड आखूड निघाले, फण्या कमी, खालचं केळ बोटाएवढं. उशिरा निसवलेले बरे होते. ओळीत उभं राहिलं की पाणी कोणत्या दिवशी सुटलं ते घडांवरून वाचता यायचं.

तंत्रज्ञ पुन्हा आला. त्याने उखडलेल्या सात बुंध्यांच्या जागेचे फोटो काढले. अक्काने त्याला खरं ते सांगितलं: पिलाला पाणी मिळावं म्हणून यंत्राला फसवलं. त्याच्या अहवालात काय गेलं ते मला नंतर कळलं. त्यात लिहिलं होतं की कापणीनंतर जुने बुंधे काढल्यामुळे ओलाव्याच्या नोंदी अचूक मिळू लागल्या. त्याने खोटं लिहिलं नव्हतं. जे लिहिता येत होतं तेवढं लिहिलं होतं. मीही तेच केलं होतं, म्हणून त्याला बोलायचा हक्क मला नाही.

मानक अंतिम झालं तेव्हा मी ते छापून घेऊन गावी गेलो. अक्का ओट्यावर तूर निवडत होती. दाजी म्हणाले, वाच. यंत्राच्या जागेचं कलम होतं तसंच होतं, शब्दाचाही फरक नव्हता. त्याच्या खाली केळीसाठी एक नवीन उपकलम आलं होतं: 'कापणीनंतर जुने बुंधे तातडीने काढून टाकावेत.' आणि पुढे, की ही शिफारस जळगाव जिल्ह्यातील प्रगतिशील शेतकऱ्यांच्या अनुभवावर आधारित आहे.

मी दोनदा वाचलं. अक्काचे हात सुपात थांबले.

"माय कापा असं मी सांगितलं? असं लिहिलं त्याइनं?"

नाव लिहिलेलं नाही, असं मी म्हणालो.

"नाव नही ते बरं. तुह्या पेपरातबी नव्हतं."

दाजींनी पहिल्यांदाच मान खाली घातली. अक्काने पुन्हा तूर निवडायला घेतली. निवडता निवडता ती म्हणाली की आता पट्ट्यातल्या साऱ्या बागांत मशीन येईल, आणि साऱ्या बागांत माल निघाला की दुसऱ्या दिवशी मायझाडं उखडतील. पिलं वाऱ्याला एकटी उभी राहतील. लोक विचारतील, ही अक्कल कोणाची? तर लिहिलेलं आहे, की तुमचीच.

मला राग येतो तो यंत्राचा नाही. त्या अधिकाऱ्यांचाही तितकासा नाही, जो बैठकीत हसला त्याचा येतो. मला राग येतो त्या रीतीचा, जिच्यात बाईने दोनदा माती बांधून नेली तरी तिचं म्हणणं निरंक होतं, आणि नाइलाजाने केलेली चलाखी मात्र कलम होते. त्या रीतीच्या चाकाचा एक दाता मी होतो. म्हणून दुरुस्ती इथे करतो. जळगावच्या बैठकीत शेतकऱ्यांनी मसुद्याचं स्वागत केलं नाही. एका केळी उत्पादक महिलेने हरकत घेतली. केळीचं पुढचं पीक पहिल्या जागेवर येत नाही, त्यामुळे प्रत्येक कापणीनंतर यंत्र नव्या झाडाजवळ हलवू द्यावं, असं तिचं म्हणणं होतं. तिला उत्तर मिळालं नाही. तिचं नाव द्यायला तिनेच नकार दिला. आता उशीर झाला, म्हणाली.

मागच्या महिन्यात पुन्हा बागेत गेलो. पिलं छाटायचे दिवस होते. आखूड घड निघाले त्याच झाडांच्या बुडाशी आता पुढच्या पिकाची पिलं फुटली होती. अक्काने मला विळा दिला आणि एक ओळ नेमून दिली. लहानपणापासून मला येणारं शेतातलं हे एकच काम. मी सवयीप्रमाणे पहिल्या झाडाशी वाकलो, उगवतीच्या बाजूचं पिल सोडलं आणि मावळतीच्या बाजूचं धरलं.

"ते नको कापू," ती मागून म्हणाली.

मी विचारलं, मग कोणतं ठेवायचं?

"मशीनकडचं."

मी ओळीभर पाहिलं. पुढच्या दोन ओळी तिने सकाळीच उरकल्या होत्या. सगळीकडे मावळतीचं पिल ठेवलेलं, उगवतीचं कापलेलं. एक ओळ एका बाजूला आणि बाकीच्या दुसऱ्या बाजूला ठेवता येत नाहीत, नळ्या चुकतात. म्हणजे पूर्ण बाग तिने उलटी फिरवली होती. एक पीक पूर्वेला चाललेली केळ आता परत पश्चिमेला निघाली होती, सीलबंद दांडीकडे.

मी उगवतीचं पिल कापलं. विळ्यावर चीक आला. मग पुढच्या झाडाशी गेलो.